एन्शंट मेगस ब्राइड: सुरुवात इतकी खटकते, तरी सिरीज सोडवत का नाही?

सांजवेळ

एन्शंट मेगस ब्राइड या जपानी अ‍ॅनिमे सिरीजचा पहिला सीझन नुकताच संपवला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये म्हणून विचारतेय. स्पॉयलर आहेत, ज्यांना बघायचीय त्यांनी इथेच थांबा.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चिसे हातोरी, १५ वर्षांची जपानी मुलगी, बाप धाकट्या भावाला घेऊन निघून गेला, आई गेली, मग नातेवाइकांनी इकडून तिकडे ढकलली. लहानपणापासून तिला इतरांना न दिसणारी माणसं-प्राणी-काहीबाही दिसतं त्यामुळे सगळे तिला टाळतात. जगायची इच्छाच उरलेली नाही, कुणीतरी घर देत असेल तर विका मला, अशा मनःस्थितीत ती लिलावाला उभी राहते. आणि ५० लाख पौंड देऊन तिला विकत घेतो एलायस एन्सवर्थ नावाचा जादूगार, ज्याचं डोकं म्हणजे शिंगं असलेली जनावराची कवटी. घरी नेतो, अंघोळ घालतो, सांगतो की तू माझी शिष्या आणि पुढे माझी बायको होणार.

आता हे मी नुसतं टाइप करतानासुद्धा अस्वस्थ होतेय. विकत घेतलेली मुलगी, वयाचा काही मेळच नाही, तो माणूससुद्धा नाही धड. दुसरी कुठली सिरीज अशी सुरू झाली असती तर मी पहिल्या दहा मिनिटांत बंद केली असती. पण इथे मी एकामागून एक एपिसोड बघत गेले, नेव्हिन ड्रॅगनच्या भागाला रडले, रूथ कुत्र्याच्या भागाला परत रडले, आणि संपल्यावर रिकामं रिकामं वाटलं.

तर माझा प्रश्न असा की हे नेमकं कशामुळे होतं? डार्क फँटसी रोमान्स म्हटलं की मला वाटायचं रक्त, काळे कपडे, एक देखणा राक्षस आणि त्याच्या प्रेमात वेडी झालेली पोरगी. तसं इथे फारसं काहीच नाही. सुंदर चित्रं आणि संगीत हे कारण मला पुरेसं वाटत नाही, सुंदर दिसणाऱ्या कितीतरी सिरीज मी अर्ध्यात सोडल्यात. तुम्हाला कुणाला काय धरून ठेवतं ते मनापासून सांगा.

काजवा

तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याच प्रश्नात आहे असं मला वाटतं, तू चिसेबद्दल जे लिहिलंस तेच. जगायची इच्छा उरलेली नाही. माझ्या मते सगळी सिरीज या एका गोष्टीबद्दल आहे आणि प्रेम हा त्याच्या आत वाढणारा भाग आहे.

बघ, बाकीच्या अशा कथांमध्ये अंधार नायकाकडे असतो. तो शापित, तो धोकादायक, तो रात्री भटकणार आणि नायिका म्हणजे उजेड, ती येणार आणि त्याला बरं करणार. इथे अंधार दोघांकडे आहे आणि दोघांचा वेगळा आहे. एलायसला आपल्या आत काय चाललंय तेच कळत नाही, राग आला की शरीर बदलतं, काटेरी सावलीसारखा पसरतो, पण याला राग म्हणतात हे त्याला माहीत नाही. आणि चिसेला दुसऱ्याचं सगळं कळतं, फक्त स्वतःचा जीव ही जपायची गोष्ट आहे हे कळत नाही. ती धाडसी वाटते ना, कुणालाही वाचवायला पटकन पुढे होते? पहिल्या अर्ध्यात ते धाडस नाहीच, आपण गेलो तर कुणाचं काय बिघडणार असं तिला आतून वाटतं म्हणून ती पुढे होते. सिरीज आपल्याला आधी त्याचं कौतुक करायला लावते आणि मग हळूहळू दाखवते की हे किती भयंकर आहे. हे मला जबरदस्त वाटलं.

त्यात ती स्ले बेगी. म्हणजे तिचं शरीर जादू प्रचंड प्रमाणात ओढून घेतं आणि तयारही करतं, पण ते त्या शरीराला पेलत नाही, असे लोक फार वर्षं जगत नाहीत. म्हणजे जिला जगायचं नाही तिला आयुष्यही थोडंच मिळालंय, आणि नेमकं तेव्हाच तिला घर मिळतं, रोज सकाळी नाश्ता करून वाट बघणारी सिल्की, म्हणजे घर सांभाळणारी परी मिळते, रूथ मिळतो. तिला जगावंसं वाटायला लागतं आणि हातात वेळ नाही. मला वाटतं आपण एकामागून एक एपिसोड बघतो ते यासाठी. लग्न होईल का याची उत्सुकता मला तरी कधी नव्हती, ही मुलगी एकदा तरी तोंडाने म्हणेल का की मला जगायचंय, याची होती.

आणि नेव्हिन! तो म्हातारा ड्रॅगन मरताना तिला आपल्या आठवणीतून उडायला नेतो, मग शांतपणे झाड होऊन जातो. जिने मरणाकडे फक्त सुटका म्हणून बघितलंय तिला पहिल्यांदा असं मरण दिसतं की ज्याच्यामागे भरभरून जगलेलं आयुष्य आहे. पुढे तिची काठी त्याच झाडाच्या लाकडाची होते. हे इतक्या लवकर येतं, तिसऱ्याच भागात, तोपर्यंत आपण या लोकांना नीट ओळखतसुद्धा नाही आणि तरी डोळे भरतात.

उंबरठा

मी थोडं विरोधात बोलणार आहे, रागावू नका.

सिरीज मलाही आवडते, पण काजवा, तुझं सगळं वाचताना वाटलं की एलायस फार सहज सुटतोय. त्याला भावना कळत नाहीत हे खरं, पण त्याचा त्रास कुणाला होतो? १५ वर्षांच्या मुलीला, जिला दुसरीकडे जायला जागा नाही. तो तिच्यापासून गोष्टी लपवतो, तिचं आयुष्य किती उरलंय हे तिला दुसऱ्याकडून कळतं. तिला पहिल्यांदा एक माणसाची मैत्रीण मिळते, स्टेला, तर याचा जळफळाट. आणि शेवटाकडे चिसेला लागलेला ड्रॅगनचा शाप काढायला तो त्याच स्टेलाचा जीव द्यायला तयार होतो. हे गोड नाही आणि "बिचाऱ्याला समजत नाही" म्हणून सोडून देण्यासारखंही नाही.

अशा कथांचं आकर्षण कशात असतं याबद्दल माझं मत असं की आपल्याला कुणीतरी निवडावं, सगळ्यांतून आपल्यालाच निवडावं, ही भूक फार खोल असते आणि ज्याला कुणीच निवडलं नाही त्याची तर आणखी. लिलावाचा प्रसंग त्या भुकेवर बोट ठेवतो. हॉलभर लोक बघतायत, एक जण येतो, सगळ्यांपेक्षा मोठी रक्कम बोलतो, साखळी तोडतो, हात धरून नेतो. आपल्या मनातला एक कोपरा त्याने सुखावतो आणि दुसऱ्या कोपऱ्याला ते भीतीदायक वाटतं. मला वाटतं सांजवेळला जे अस्वस्थ वाटलं ते बरोबर वाटलं आणि ते तसंच राहू द्यावं, कुणी समजावून घालवू नये.

सांजवेळ

उंबरठा, रागवायचं काय त्यात, उलट हे कुणीतरी बोलावं असंच वाटत होतं. निवडलं जाण्याची भूक, हे मला फार पटलं, लिलावाचा तो प्रसंग मी दोनदा बघितला आणि का बघितला ते आता कळतंय. पण मग शेवटी ती परत जाते त्याच्याकडे, ते तुम्ही कसं घेता? मला तिथे बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं नवल पण वाटलं.

रानवाट

त्या प्रश्नाचं उत्तर दुसरं कुणी देईल, मी वेगळ्याच कारणाने अडकलो ते सांगतो.

मी लोककथांचा वेडा आहे आणि या सिरीजमधलं जवळजवळ प्रत्येक भूत खरोखरच्या लोककथेतून उचललेलं आहे, आणि नुसतं नाव उचललेलं नाही तर त्या कथेतलं दुःख पण उचललेलं आहे. रूथ घ्या. तो चर्च ग्रिम. इंग्लंडमध्ये आणि उत्तर युरोपात जुनी समजूत होती की चर्चच्या आवाराची राखण एक काळा कुत्रा करतो, चोर आणि सैतान यांच्यापासून तिथे पुरलेल्यांना जपतो. सिरीजने काय केलं, त्या राखणदाराला एक मालकीण दिली, इझाबेल. ती अपघातात गेली, तोही गेला, पण त्याला ते कळलंच नाही, तो तिच्या थडग्यापाशी बसून राहिला, बसून राहिला आणि ग्रिम झाला. म्हणजे जी दंतकथा आपण भीती वाटावी म्हणून ऐकतो तिच्या आत एक कुत्रा आपल्या माणसाची वाट बघत बसलाय. त्या कुत्र्याने चिसेशी जन्माची गाठ बांधणं आणि चिसेला पहिल्यांदा कुणीतरी पूर्णपणे आपलं मिळणं, माझ्यासाठी तर सीझनमधली सर्वांत मोठी प्रेमकथा हीच.

मग लेनन शी. आयर्लंडच्या कथांमधली परी, ती ज्याच्यावर प्रेम करते त्या कलावंताला प्रतिभा देते आणि बदल्यात त्याचं आयुष्य शोषत जाते. इथे ती एका एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या गुलाबांच्या बागेत राहते, जोएल त्याचं नाव. ती स्वतःला बजावत राहते की मी याच्यावर प्रेम करत नाही, कारण केलं की तो मरणार. आणि नुसतं जवळ राहिल्यानेच त्याचं आयुष्य झिजत चाललंय. त्याला ती दिसत पण नाही. चिसे जीव पणाला लावून एक मलम बनवते म्हणजे त्याला मरण्याआधी तिला एकदा बघता येईल. माझं प्रेम तुझ्यासाठी विष आहे, तरी मी जाऊ शकत नाही. या एका कथेत डार्क फँटसी रोमान्सचं सगळं सार येऊन जातं, बाकी सगळं बघितलं नाही तरी चालेल पण हा भाग बघाच.

खलनायकाचं नावसुद्धा वाटेल तसं ठेवलेलं नाही. कार्टाफिलस हे नाव १३व्या शतकातल्या इंग्रज मठवासीयांच्या बखरींमध्ये सापडतं, ज्याला मरण नाही आणि जो जगाच्या अंतापर्यंत भटकत राहणार अशा शापित माणसाचं. सिरीजमध्ये तो सडत चाललेल्या शरीरात अडकलाय, वेदना संपत नाहीत आणि मरण येत नाही. चिसेला मरण हवं होतं आणि आयुष्य थोडंच होतं, याला मरण हवंय आणि आयुष्य संपतच नाही. दोघांना समोरासमोर आणलं तिथेच मी लेखिकेला मनातून हात जोडले. सिरीज जिच्यावर बेतली आहे ती मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, कोरे यामाझाकी यांनी २०१३ मध्ये सुरू केली, जपानी लेखिकेने ब्रिटिश बेटांवरच्या कथा इतक्या मायेने वापरल्यात की त्या परक्या वाटतच नाहीत.

आणि हो, या जगातल्या पऱ्यांना सगळे शेजारी म्हणतात. त्या चांगल्या नाहीत आणि वाईटही नाहीत, पहिल्याच भागात चिसेला गोड बोलून आपल्या जगात ओढून न्यायला बघतात, तिला कायमची ठेवून घ्यायला, आणि त्यात त्यांना काही गैर वाटत नाही. ही जी निसर्गाची बेफिकिरी आहे ना, ती मला रक्तमांसापेक्षा जास्त डार्क वाटते.

मंद दिवा

एक छोटी गोष्ट जी कुणी बोललं नाही. एलायसचा चेहरा हलत नाही. कवटी आहे, भुवया नाहीत, ओठ नाहीत. तरी तो कधी दुखावलाय, कधी लाजलाय, कधी खोटं बोलतोय ते आपल्याला कळतं. मान किती कलते, डोळ्यांच्या खोबणीतला लाल ठिपका कसा बारीक होतो, हातांचं काय चाललंय, एवढ्यावर सिरीज बनवणाऱ्या विट स्टुडिओने सगळं तोललंय. आणि र्योता ताकेऊची यांचा तो खर्जातला आवाज. आपण त्याच्याकडे टक लावून बघत राहतो, अर्थ लावत राहतो, आणि घरात चिसेसुद्धा नेमकं तेच करत असते. देखणा चेहरा दिला असता तर आपण पहिल्या भागातच त्याला माफ करून मोकळे झालो असतो. चिसेचा आवाज आत्सुमी तानेझाकी यांचा, पुढे स्पाय फॅमिली या दुसऱ्या अ‍ॅनिमेतल्या छोट्या आन्याचा आवाज पण त्यांचाच. मला आधी विश्वासच बसला नाही, इथे इतकी दमलेली, आतून कोरडी झालेली मुलगी त्याच गळ्यातून येते आणि शेवटच्या भागांपर्यंत त्या आवाजात हळूहळू जीव येतो. हेडफोन लावून परत एकदा ऐका.

काजवा

उंबरठा, तुझं बरंचसं मान्य. एलायस सुटू नये हे अगदी खरं. पण माझं म्हणणं हे की सिरीज त्याला सोडत नाही आणि म्हणूनच सांजवेळला शेवटी बरं वाटलं.

क्रम आठव. ड्रॅगनच्या शापाने चिसेचा हात विद्रूप झाला, आयुष्य होतं तेही घटलं. एलायसने स्टेलाला पुढे केलं. त्या क्षणी चिसे काय करते? रडून समजून घेत नाही, माझ्यासाठीच केलं ना बिचाऱ्याने असंही म्हणत नाही. ती उठते आणि निघून जाते. जी मुलगी कुणीही ठेवून घ्यावं म्हणून स्वतःला विकायला तयार होती ती पहिल्यांदा आपलं घर स्वतः सोडते, कारण तिथे एक अशी गोष्ट झाली जी ती चालवून घेणार नाही. लिलावात ती वस्तू होती, त्या प्रसंगात ती माणूस झाली, हे माझ्यासाठी अख्ख्या सीझनचं सर्वांत मोठं वळण आहे. ज्यांना ही प्रेमकथा फक्त गोड वाटते त्यांनी हा भाग नीट बघितलाच नाही असं मला खरंच वाटतं.

मग तो आईचा भाग. तिला आईची ती आठवण पूर्ण बघावी लागते. आईने गळा दाबला होता, वाईटातलं वाईट बोलली होती आणि मग चिसेच्या डोळ्यांसमोर जीव दिला होता. इतकी वर्षं चिसेला तेवढंच आठवत होतं. आता तिला हेही दिसतं की हात मध्येच थांबले होते, आईला ते करवलं नव्हतं, आणि त्याआधी याच आईने तिला जिवापाड जपलं होतं. इथे कुठल्याही दुसऱ्या सिरीजने संगीत वाढवून मिठी मारायला लावली असती. चिसे आईला माफ करत नाही. मला हे बघून इतकं मोकळं वाटलं. एखाद्याने आपलं फार मोठं नुकसान केलं, त्याचं दुःख आपल्याला कळलं, तरी माफ न करता पुढे जाता येतं, हे इतक्या सरळ मी पडद्यावर क्वचित बघितलंय.

आणि हे दोन्ही झाल्यावर ती एलायसकडे जाते. स्वतःच्या पायांनी, तिला थांबवणारं कुणी नाही, घेऊन जाणारं कुणी नाही. सुरुवातीला त्याने पैसे मोजून निवडलं होतं, शेवटी ती निवडते. तुझी ती निवडलं जाण्याची भूक म्हणालीस ना, सिरीज ती भूक आधी भागवते आणि मग सांगते की तेवढं पुरत नाही. वयाचं आणि विकत घेण्याचं जे आहे ते मात्र त्याने पुसलं जात नाही, तिथे मी तुझ्याच बाजूला आहे.

उंबरठा

हे चांगलं मांडलंस. घर सोडून जाण्याच्या प्रसंगाकडे मी फक्त एलायसची शिक्षा म्हणून बघत होते, चिसेच्या बाजूने बघितलं तर वजन वाढतं त्याचं. तरी एक राहतंच. एलायस बदलतो पण फार हळू, आणि त्याला शिकवायची जबाबदारी बहुतेक वेळा तिच्याच डोक्यावर येते. मत्सर म्हणजे काय हेसुद्धा तिनेच समजावायचं. एक जण दुसऱ्याला वाढवतोय असं नातं मला प्रेमकथा म्हणून कधीकधी दमवतं. सायमन पाद्री किंवा एलायसचा जुना जादूगार मित्र लिंडेल यांनी ते काम जरा जास्त केलं असतं तर मला जास्त आवडलं असतं, लिंडेलने एवढी वर्षं काय केलं मग?

रानवाट

लिंडेलला दोष नका देऊ हो, त्याने जंगलातून भटकत आलेल्या, आपण कोण ते आठवत नसलेल्या त्या जीवाला आसरा दिला, नाव मिळवून दिलं, आणि लोक अशा जीवाला घाबरून काय करतील हे माहीत असूनही त्याच्यासाठी उभा राहिला. पण तुमचा मुद्दा बरोबर आहे, दुसरा सीझन बघितलात का? तिथे नेमकं हेच होतं. चिसे किमयागारांच्या कॉलेजात शिकायला जाते, एलायस पण तिथे शिकवायला जातो, आणि पहिल्यांदा दोघांना घराबाहेरची माणसं भेटतात, तिला बरोबरीची मुलं, त्याला सहकारी. एलायसला शिकवणारी चिसे एकटी राहत नाही, इतरही चार जण त्याला सुनावतात. आणि फिलोमेला म्हणून एक मुलगी आहे, आजीने तिला माणूस म्हणून वाढवलेलंच नाही, हुकूम पाळणारं अवजार म्हणून वाढवलंय. चिसेला तिच्यात आपलं जुनं रूप दिसतं. त्या दोघींचं जे होतं त्यावरून कळतं की चिसे किती लांब आलीय.

सांजवेळ

सगळ्यांचे खूप आभार, एवढं मनापासून लिहिलंत. काजवाने म्हटलेलं की आपण लग्नाची वाट बघत नव्हतो, ही मुलगी मला जगायचंय म्हणेल का याची वाट बघत होतो, हेच होतं बहुतेक माझं पण. उंबरठाचं अस्वस्थ राहू देण्याचं पण ठेवून घेते.

दुसरा सीझन आता लगेच लावते. त्याआधी तीन भागांची ती ओव्हीए, म्हणजे टीव्ही सिरीजपासून वेगळी निघालेली जोडगोष्ट, आहे ना, ती कधी बघायची? आणि दुसऱ्या सीझनचा स्टुडिओ बदललाय असं वाचलं, फरक जाणवतो का खूप?

मंद दिवा

ओव्हीए म्हणजे दोज अवेटिंग अ स्टार, टीव्ही सिरीजच्या आधी आलेली, तीन भाग, चिसेच्या लहानपणची आणि एका जंगलातल्या वाचनालयाची गोष्ट. पहिला सीझन झालाच आहे तर आता बघ, दुसऱ्याच्या आधी. आता तुला चिसे माहीत आहे त्यामुळे जास्त लागेल मनाला.

पहिला सीझन विटचा, ऑक्टोबर २०१७ ते मार्च २०१८, २४ भाग. दुसरा स्टुडिओ काफ्काचा, २०२३ मध्ये दोन तुकड्यांत आला, एप्रिलमध्ये आणि मग ऑक्टोबरमध्ये. फरक आहे. कुरणं, आभाळ, धुकं असं मोकळं कमी दिसतं कारण गोष्टच बरीचशी कॉलेजच्या भिंतींच्या आत घडते, आणि सुरुवातीला इतकी नवीन पात्रं येतात की नावं डोक्यात बसायला वेळ लागतो. पहिले चार-पाच भाग धीर धर, फिलोमेलाची गोष्ट उलगडायला लागली की मग थांबवणार नाही. बघून झाल्यावर इथेच लिही, उंबरठा आणि मी पण परत बघायला घेतोय.